नोरोव्हायरसने मूल भर्ती झालं तर: काय बघायचं, काय मोजायचं आणि सिस्टरला कधी हाक मारायची

जुलाब किती झाले ते सगळे सांगतात, पण शेवटची लघवी कधी झाली ते कुणालाच आठवत नाही. इंदूरच्या लहान मुलांच्या वॉर्डांत सिस्टर म्हणून इतकी वर्षं काढल्यावर हे मी डोळे मिटून सांगू शकते. आई म्हणते सकाळपासून नऊ वेळा, आजी म्हणते छे गं बारा तरी झाले असतील, बाबा मोबाईलवर व्हायरसचं नाव शोधत बसलेले, आणि डॉक्टरांना विचारायचं असतं एवढंच की पोराने शू कधी केली आणि आत्ता बघतंय कसं. नातेवाईकांचे रात्री-बेरात्री फोन येतात त्या सगळ्यांना मी तेच तेच सांगत असते, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं. डॉक्टरांच्या जागी हे वाचू नका, डॉक्टर काय करतायत ते समजावं आणि आपला हात लागावा यासाठी वाचा.

आधी थोडक्यात हा नोरो, म्हणजे उलट्या-जुलाब आणणारा नोरोव्हायरस, कोण ते सांगते. अमेरिकेतल्या ओहायोमधल्या नॉर्वॉक गावच्या एका शाळेत १९६८ साली साथ आली होती, तिथल्या नमुन्यात १९७२ मधे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हा पहिल्यांदा दिसला. आता जगभरात पाच वर्षांखालच्या मुलांत वर्षाला साधारण २० कोटी केसेस आणि सुमारे ५० हजार मृत्यू असा अंदाज धरतात, त्यातले बहुतेक मृत्यू गरीब देशांतले. "पण आम्ही तर रोटाची लस दिलेली" असं हमखास ऐकायला मिळतं. रोटा हा जुलाबाचा वेगळा व्हायरस. रोटाची लस रोटासाठी, ती ६, १०, १४ आठवड्यांना सरकारीत फुकट मिळते आणि द्यायलाच पाहिजे, पण नोरोवर चालत नाही. नोरोची लस अजून बाजारात नाही. आणि एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही असंही नाही, याचे प्रकार बरेच आहेत आणि अंगात आलेली ताकद फार टिकत नाही.

पहिलं काम: घरी थांबायचं की निघायचं ते ठरवा

व्हायरस पोटात गेल्यावर १२ ते ४८ तासांत एकदम उलट्या सुरू होतात, मग पोटात मुरडा, पाण्यासारखे जुलाब, ताप असला तर थोडाच. मोठ्यांना दोन-तीन दिवसांत बरं वाटतं, लहानग्यांचं जरा लांबतं, आणि बहुतेक पोरं घरीच बरी होतात हेही खरंय. म्हणूनच तर लोक गाफील राहतात, काल सराफ्याच्या खाऊगल्लीत खाल्लेलं बाधलं असेल, निघून जाईल म्हणतात. यात जुलाबापेक्षा उलट्या जास्त त्रास देतात, दिलेलं पाणी पोटात ठरतच नाही, त्यामुळे जुलाब चारच झालेले असले तरी बाळ सुकलेलं असू शकतं.

बघायचं असं. बाळ चिडचिड करतंय, डोळे आत गेलेत, पाणी दिसलं की वाटीवर झडप घालतंय, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू जागेवर येते, यातल्या दोन गोष्टी दिसल्या तर पाणी कमी झालंय, त्याच दिवशी दाखवा. पोर सुस्त पडलंय, उठवलं तरी नीट उठत नाही, पाणी प्यायचंही त्राण नाही किंवा चिमटी सोडल्यावर घडी दोन सेकंदांहून जास्त तशीच राहतेय, तर एक मिनिट थांबू नका. १०८ बोलवा नाहीतर रिक्षा करा. चाचा नेहरू बाल चिकित्सालय असो, एम.वाय. असो की घराजवळचं मुलांचं हॉस्पिटल, जे लवकर गाठता येईल ते. तान्ह्या बाळाची टाळू खाली गेलीय का तेही हाताने बघा. ही चिमटीची परीक्षा गुटगुटीत बाळात आणि फार वाळलेल्या, कुपोषित बाळात दोन्हीकडे फसवते, तेव्हा तिच्यावर एकटीवर जाऊ नका.

हिरवी उलटी, जुलाबात रक्त, पोट टम्म फुगलेलं, तान्हं बाळ मधूनमधून पाय पोटाशी घेऊन कळवळतंय आणि मधे शांत होतंय, यातलं काहीही असेल तर नोरो म्हणून बसूच नका, आतडं आतड्यात अडकणं किंवा दुसरं काही असू शकतं आणि ते सर्जनचं काम आहे.

कुणाच्या बाबतीत लवकर निघायचं? सहा महिन्यांखालचं बाळ, त्यात बाटलीचं दूध पिणारं असेल तर आणखी लवकर. वेळेआधी जन्मलेलं, वजन कमी असलेलं, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेलं, कॅन्सरची औषधं चालू असलेलं किंवा ट्रान्सप्लांट झालेलं. या मुलांचं "उद्या बघू" चालत नाही.

दुसरं काम: जाताना चमचा चालू ठेवा

ओआरएसचं पाकीट पूर्ण, आणि पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी. एक लिटरचं असेल तर एक लिटर, २०० एमएलचं छोटं असेल तर २००. अर्धं पाकीट पेल्यात टाकून "जरा दाट करून दिलं म्हणजे ताकद येईल" हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता राग पण येत नाही. दाट ओआरएसने रक्तातलं सोडियम चढतं, बाळ आणखी तहानतं, मेंदूवर परिणाम होऊन झटकेसुद्धा येऊ शकतात, आणि गंमत म्हणजे अशा बाळाची कातडी वरून बरी दिसते त्यामुळे घरच्यांना कळतच नाही. उलट नुसतं साधं पाणीच पाजत राहिलं तर सोडियम उतरतं, त्यातही झटके. म्हणून मोजून.

उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, मग परत चमच्याने हळूहळू. दहा किलोच्या बाळाला पाणी कमी झालेलं असेल तर चार तासांत ७५० एमएल द्यायचं असतं, किलोला ७५ असा हिशोब. ऐकायला फार वाटतं, पण ५ एमएलच्या चमच्याने दर दीड-पावणेदोन मिनिटाला एक चमचा दिला की होतं. एकाच्याने चार तास होत नाही, आई-बाबा-आत्या अशा पाळ्या लावा. बाटलीने नको, गटागटा पिऊन सगळं बाहेर येतं. घरात जुनं बोंडलं असेल तर उकळून घ्या, तान्ह्याला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. अंगावरचं दूध तर बंद करायचंच नाही.

टेट्रापॅकमधली गोड पाणी आणि कोल्ड्रिंक नको, त्यातल्या साखरेने जुलाब वाढतात. ओआरएसच्या फॉर्म्युल्यात न बसणाऱ्या ड्रिंकवर ओआरएस हे नाव टाकायला २०२५ च्या ऑक्टोबरमधे एफएसएसएआयने, म्हणजे खाण्यापिण्यावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, बंदी घातली, तरी दुकानात काय हातात देतील सांगता येत नाही, मागची बाजू वाचून घ्या. बाकी आजी दृष्ट काढत असतील तर काढू द्या, चमचा मात्र थांबायला नको.

तिसरं काम: भर्ती झाल्या झाल्या वजन आणि वही

वजन हे सगळ्यात खरं माप आहे. मागच्या महिन्यात लसीच्या वेळी किती होतं ते कार्डावर असतं, ते कार्ड घेऊनच या. दहा किलोचं बाळ साडेनऊवर आलं तर पाच टक्के गेले, नऊच्या खाली गेलं तर दहा टक्क्यांहून जास्त, आणि तो गंभीर प्रकार झाला. रोज त्याच काट्यावर, त्याच वेळी, कपडे-डायपर काढून वजन करून मागा.

मग एक वही. डावीकडे आत काय गेलं, उजवीकडे बाहेर काय आलं, आणि प्रत्येकासमोर वेळ. कोरडा डायपर काट्यावर ठेवा, ओला झाल्यावर परत ठेवा, फरक जितके ग्रॅम तितके एमएल. दहा किलोच्या बाळाला तासाला साधारण दहा एमएल लघवी व्हायला पाहिजे, म्हणजे सहा तासांत ६० ग्रॅम तरी. मुलींमधे शू आणि पातळ शी एकत्र होते आणि मग कळत नाही, तिथे पुढच्या बाजूला कापसाचा बोळा ठेवायचा, तो ओला झाला का ते बघायचं, किंवा सिस्टरला युरिन बॅग लावायला सांगायचं. सहा तास लघवी नाही तर कुणी विचारायची वाट न बघता स्वतः उठून काउंटरवर जाऊन सांगा. पाणी फार कमी झालं की किडनीवर ताण येतो, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी साफ करते तो कचरा) वाढतं, आणि वेळेत पाणी मिळालं तर बहुतेकदा किडनी परत पहिल्यासारखी चालते, हे "वेळेत" फार महत्त्वाचं.

फाईलमधे व्हेसिकारी स्कोअर असं लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. फिनलंडमधे रोटाच्या अभ्यासासाठी बनलेलं ते २० मार्कांचं कोष्टक आहे, जुलाब-उलट्या किती आणि किती दिवस, ताप, पाणी किती कमी झालं, उपचार कुठे झाला, असं सगळं मिळून. ७ च्या खाली सौम्य, ११ आणि वर गंभीर. त्यात चढलेला आकडा कालपर्यंतचा असतो, पुढच्या सहा तासांत काय होणार ते तुमची वही सांगते. म्हणून मी वहीला जास्त मानते.

सलाईनबद्दल, कारण भांडणं इथेच होतात

पोर शॉकमधे असेल (म्हणजे अंगात रक्त नीट फिरत नसेल) किंवा फार सुकलं असेल तर शिरेतून रिंगर लॅक्टेट नावाचं सलाईन किलोला १०० एमएल जातं. वर्षाच्या आतल्या बाळाला पहिल्या तासात ३० आणि मग पाच तासांत ७०, त्याच्याहून मोठ्याला अर्ध्या तासात ३० आणि अडीच तासांत ७०. म्हणजे कुणाची बाटली जोरात चाललीय आणि कुणाची थेंबथेंब, याला कारण असतं. "सिस्टर, बगलवाले की बॉटल तो तेज चल रही है" म्हणून काका स्वतःच नळीवरचा रोलर फिरवून मोकळे होतात, हे नका करू, हात जोडून सांगते. पाणी जास्त गेलं की पापण्या सुजतात, श्वास जोरात चालतो. पापण्या सुजलेल्या दिसल्या की लगेच सांगा, आणि विगो (सलाईनची सुई) लावलेला हात दर तासाला दुसऱ्या हाताशी लावून बघा, सुजलाय का, गार किंवा लाल झालाय का, पट्टी घट्ट तर नाही ना. रात्री पांघरुणाखाली हात असतो आणि सकाळी फुगलेला सापडतो, बाळ रडतं तर सगळे म्हणतात पोट दुखत असेल.

उलटी थांबली आणि पोर पिऊ लागलं की सलाईन काढून ओआरएसवर आणतात, त्याला "आमच्याकडे लक्ष नाही" असं समजू नका. तोंडाने जातंय तोवर तोंडानेच चांगलं.

चौथं काम: काय बिघडू शकतं ते ओळखून ठेवा

शॉक. हात-पाय गार, नाडी पळतेय आणि बारीक, चेहरा फिका. नख दाबून सोडलं तर गुलाबी रंग परत यायला तीन सेकंदांहून जास्त लागतात. हे दिसलं की ओरडा, चालेल.

रक्तातलं पोटॅशियम उतरलं की पोर मान टाकतं, हातपाय लुळे, पोट फुगतं. रक्तात आम्ल वाढलं की ताप नसताना खोल खोल आणि भरभर श्वास, लोकांना वाटतं छातीत कफ झालाय. साखर उतरली की घाम, सुस्ती, थरथर. विशेषतः ज्या पोराने दिवसभर काही खाल्लेलं नाही आणि जे आधीच बारीक आहे त्याची. यासाठीच रक्त पुन्हा पुन्हा काढतात, उगीच बिल वाढवायला नाही.

झटके. यावर जरा थांबते कारण आई-बाप इथे सगळ्यात जास्त हादरतात. साधारण सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलात, ताप नसताना, पाणीही फारसं कमी नसताना, जुलाब-उलट्यांच्या पहिल्या काही दिवसांत अचानक झटका येतो, थोडक्यात संपतो, पण त्याच दिवशी दोन-तीनदा परत येऊ शकतो. नोरो आणि रोटा दोघांतही हे होतं. साखर, सोडियम, कॅल्शियम तपासून नॉर्मल आलं आणि झटक्यानंतर पोर शुद्धीवर येऊन नीट बघायला लागलं, तर पुढे सहसा काही राहत नाही, मिरगीची वर्षानुवर्षं औषधंही बहुतेकांना लागत नाहीत. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. आपण काय करायचं: कुशीवर वळवा, तोंडात बोट-चमचा-पाणी काही घालू नका, घड्याळ बघा, कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढा कारण डॉक्टर येईपर्यंत झटका संपलेला असतो. कांदा हुंगवणं, चप्पल हुंगवणं बंद. पाच मिनिटांहून लांबला किंवा नंतर शुद्धच येत नाही तर ती मोठी इमर्जन्सी. मेंदूला सूज येण्याचे प्रकार नोरोत नोंदले गेलेत, पण फार क्वचित.

वेळेआधी जन्मलेल्या, एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या आयसीयूतल्या) बाळांत आतड्याला गंभीर इजा होणं नोरोबरोबर दिसलेलं आहे. आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते त्यांच्यात जुलाब आठवडे, कधी महिनोन् महिने चालतात, वजन झडतं, व्हायरस शीतून पडतच राहतो. त्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्या मोठ्या डॉक्टरांना कळवल्याशिवाय एकही औषध बदलू नका.

पाचवं काम: हात, आणि शेजारचा बेड

दुसऱ्याच आजारासाठी भर्ती असलेल्या पोराला वॉर्डात नोरो लागतो तेव्हा फार वाईट वाटतं, कारण ते आधीच अशक्त असतं. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय याचा मलाही अभिमान आहे, पण या व्हायरसला चकचकीत फरशीने काही फरक पडत नाही, १०-२० कण पोटात गेले तरी आजार होऊ शकतो. बेडला लटकवलेली सॅनिटायझरची बाटली नोरोवर जवळजवळ निरुपयोगी आहे. साबण आणि वाहतं पाणी, नखांसकट, निदान २० सेकंद. डायपर बदलल्यावर, उलटी पुसल्यावर, चमचा धरायच्या आधी.

आणि तो मोबाईल! पोर शांत राहावं म्हणून कार्टून लावून देतात, पोर त्याच हातांनी धरतं, मग तोच मोबाईल आईच्या कानाला, मग बाबांच्या खिशात, मग घरी. वॉर्डात एक मोबाईल पोरापुरता ठेवा आणि पुसत राहा, किंवा देऊच नका.

उलटी सांडली की आधी आजूबाजूच्यांना बाजूला करा, उलटीचे बारीक तुषार हवेत उडतात. ग्लोव्हज आणि मास्क लावून कागदाने उचला, पिशवीत बांधून टाका, मग सोडियम हायपोक्लोराइट. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर एक कप त्यात नऊ कप पाणी, पाच-दहा मिनिटं तसंच ठेवायचं, मग पुसायचं. टॉयलेट क्लीनरच्या ॲसिडबरोबर कधीही मिसळू नका, विषारी गॅस निघतो. वॉर्डात हे मावशींना करू द्या, घरी आपणच.

भेटायला येणाऱ्यांची रांग कमी करा. मला माहितेय आपल्याकडे कुणी भर्ती झालं की राजवाड्यापासून सुदामा नगरपर्यंतचे सगळे नातलग पोहे घेऊन हजर होतात, प्रेमच असतं ते, पण ज्याचं स्वतःचं पोट बिघडलंय त्याने निदान ४८ तास यायचं नाही, आणि डबाही करायचा नाही.

औषधं आणि टेस्ट

अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही. "मेडिकलवाल्याने दस्त बंदची गोळी दिली" ती लोपेरामाइड निघते, लहान मुलांना ती नाहीच द्यायची, आतड्याची हालचाल थांबून पोट फुगतं. उलटीसाठी ऑन्डॅनसेट्रॉन डॉक्टर वजनाप्रमाणे देतात आणि त्याने खरंच फायदा होतो, पण घरातली मागच्या वर्षीची बाटली काढून अंदाजाने नको. मेटोक्लोप्रमाइडने काही मुलांची मान-जीभ वाकडी होते, तेही स्वतःहून नको.

शीची पीसीआर टेस्ट महाग पडते आणि नोरो निघाला म्हणून उपचार बदलत नाहीत, तेव्हा डॉक्टर म्हणाले गरज नाही तर हट्ट धरू नका. वॉर्डात एकदम तीन-चार जणांना झालं, जुलाब लांबले, किंवा पोराची प्रतिकारशक्ती कमी असेल, तेव्हा ती करतात.

खाणं भूक लागली की लगेच. मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, दही-भात, केळं. आपली इंदुरी शिकंजी म्हणजे दाट गोड दूध आहे, ती नको, हे सांगायची वेळ येते म्हणून सांगतेय.

घरी आल्यावर

पोर पितंय, लघवी होतेय, वजन परत चढतंय, खेळतंय, मग सुट्टी. थोडे जुलाब असले तरी चालतं. झिंक १४ दिवस पूर्ण द्यायचं, सहा महिन्यांवरच्याला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्याला १०, गोळी चमच्यात पाण्यात नाहीतर आईच्या दुधात विरघळवून. ओआरएस आणि झिंक अंगणवाडीत, आशाताईंकडे फुकट मिळतं. तिसऱ्या दिवशी पोर ठणठणीत दिसतं आणि गोळ्यांची पट्टी तशीच फ्रिजवर राहते, म्हणून मोबाईलमधे अलार्म लावा.

उलट्या-जुलाब थांबल्यावर ४८ तास शाळा किंवा पाळणाघर नाही. पुढे दोन आठवडे तरी, कधी जास्तही, व्हायरस शीतून जात राहतो, तेव्हा शी धुतल्यावरचा साबण सोडायचा नाही आणि स्विमिंग पूलला न्यायचं नाही. कपडे-चादरी न झटकता गोळा करून गरम पाण्यात वेगळ्या धुवा. दूध प्यायल्यावर फसफसणारी आंबट वासाची शी आणि मागे लालसर चट्टा असेल तर दुधातली साखर काही दिवस पचत नसेल, अंगावरचं दूध चालू ठेवून डॉक्टरांना विचारा. जुलाब १४ दिवसांच्या पुढे गेले, पुन्हा उलट्या सुरू झाल्या, पिणं बंद झालं, सहा तास लघवी नाही किंवा झटका आला, तर तीच वही आणि लसीचं कार्ड घेऊन परत या.